निम्मे डाव

जिगसॉ आणि सरकत्या तुकड्यांचे कोडे या दोन खेळांना आपण सहसा एकाच पिशवीत टाकतो. दोन्ही तुकड्यांचे खेळ, दोन्ही एकट्याने खेळायचे. वास्तविक त्यांच्या स्वभावात फार अंतर आहे. जिगसॉमध्ये प्रत्येक तुकड्याला स्वतःचा आकार असतो आणि त्या आकाराला साजेशी एकच जागा असते. तिथला प्रश्न ओळखीचा असतो. सरकत्या तुकड्यांच्या कोड्यात सगळे तुकडे सारख्या आकाराचे. कोणी कुठे जायचे हे त्यांच्या अंगावरच्या आकड्यांनी आधीच सांगितलेले असते. तिथला प्रश्न वाटेचा असतो. जायचे कुठे हे ठाऊक आहे, जागाही समोर दिसते आहे, पण मध्ये इतर सगळे उभे आहेत आणि हलायला जागा फक्त एकाची आहे.

साहित्याने जिगसॉला अधिक जवळ केले याचे कारण कदाचित याच फरकात असावे. जॉर्ज पेरेकच्या १९७८ सालच्या 'ला वी मोद दांप्लुआ' या कादंबरीतला बार्टलबूथ जिगसॉपुढे बसलेला असतानाच मरतो. उरलेली फट एक्स या अक्षराच्या आकाराची असते आणि त्याच्या हातातला तुकडा डब्ल्यूच्या आकाराचा. सरकत्या कोड्यात असे मरण येऊच शकत नाही, कारण हातात तुकडा कधी येतच नाही. सगळे तुकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत पटावरच असतात. या खेळाची शोकांतिका निराळी आहे: काहीही हरवलेले नाही, काहीही चुकीच्या आकाराचे नाही, आणि तरीही होत नाही. ती मी आमच्या घरात काही वर्षे जवळून पाहिली आहे, म्हणून हा लेख.

मूळ कोडे चौकोनांचे. चार गुणिले चारच्या चौकटीत १ ते १५ आकड्यांचे तुकडे आणि एक घर रिकामे. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनस्टोटा गावचे पोस्टमास्तर नॉयेस चॅपमन यांनी १८७४ च्या सुमारास ते तयार केले आणि १८८० च्या आरंभी अमेरिकेला व पाठोपाठ युरोपला त्याने अक्षरशः वेड लावले. पुढे सॅम लॉइड या कोडेकाराने १८९१ पासून त्याचे जनकत्व स्वतःकडे घेतले. ते खोटे असल्याचे जेरी स्लोकम आणि डिक सॉनेव्हेल्ड यांनी २००६ सालच्या आपल्या पुस्तकात साधार दाखवले आहे. लॉइडने १४ आणि १५ एवढे दोनच तुकडे उलटसुलट ठेवून बाकी सगळे जागेवर असलेला डाव मांडला आणि तो सोडवणाऱ्याला हजार डॉलर देऊ केले. ते पैसे सुरक्षित होते. असा डाव सुटणे अशक्य आहे हे जॉन्सन आणि स्टोरी या दोन गणितज्ञांनी १८७९ मध्येच 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये सिद्ध करून ठेवलेले होते.

आमच्या घरी आले ते मात्र त्रिकोणांचे. संगणकविषयक एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीवर पन्नासेक लहान खेळ होते, त्यांतला हा एक. मोठ्या समभुज त्रिकोणाची प्रत्येक बाजू चार भागांत विभागली की आत सोळा छोटे त्रिकोण होतात: वरच्या ओळीत एक, मग तीन, पाच आणि सात. म्हणजे इथेही सोळा घरे, पंधरा तुकडे, एक रिकामी जागा. सोळांपैकी दहा त्रिकोणांचे टोक वर आणि सहांचे खाली. पूर्ण झालेल्या डावात रिकामे घर मधोमध असे. 'विस्कटा' म्हटले की मधले घर तसेच ठेवून बाकी पंधरा आकडे कसेही टाकले जात. रिकाम्या घराशेजारच्या तुकड्यावर माउसने टिचकी मारली की तो गिरकी घेतल्यासारखा उलटा होऊन त्या घरात जाऊन बसे.

संगणक घरात आला तो अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतून. पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये ते सव्वीस वर्षे फिटर होते. पत्रा कापणारे पंच आणि डाय तयार करणे, दुरुस्त करणे हे त्यांचे काम. २००१ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ते घरी आले. 'स्वेच्छा' हा शब्द कागदावर होता एवढेच. मी तेव्हा गणित घेऊन बी.एस्सी. करत होते आणि संगणक माझ्यासाठी म्हणून घेतलेला होता. पण सकाळी मी कॉलेजला गेले की तो रिकामाच असे आणि अण्णाही.

त्यांनी पहिला आक्षेप घेतला तो खेळाच्या नावालाच. "हा तुकडा सरकत नाहीये," ते म्हणाले. मला कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची पेटी काढली आणि पत्र्यातून चाळीस मिलिमीटर बाजूचे पंधरा त्रिकोण कापले, कडा कानशीने घासून एकसारख्या केल्या, आकडे ठोकले आणि लाकडी चौकटीत बसवून माझ्यासमोर ठेवले. "सरकव."

सरकेना. टोक वर असलेल्या त्रिकोणाशेजारचे घर नेहमी खाली टोक असलेले असते. सरळ ढकलला तर तो तिथे बसत नाही. त्याला फिरावेच लागते. एका कोपऱ्यावर टेकवून साठ अंश फिरवावा म्हटले तर चाळीसच्या बाजूला त्रिकोणाची उंची ३४.६४ मिलिमीटर भरते, आणि फिरताना त्याचे टोक मात्र चाळीसच्या त्रिज्येने वर्तुळ काढते. वाटेत ते साडेपाच मिलिमीटरच्या आसपास शेजाऱ्याच्या अंगात घुसू पाहते. अर्थात शेजारी जागा देत नाही. तुकडा उचलून, उलटा करूनच ठेवावा लागतो. पडद्यावर जे सरकणे दिसते ते प्रत्यक्षात पदार्थाला न जमणारे आहे, हे अण्णांना पहिल्या टिचकीतच जाणवले होते. त्यांना ते जाणवणे स्वाभाविकच होते. त्रिकोणी गसेट पत्र्याच्या पट्टीतून कापताना एक टोक वर, एक खाली असे मांडले तर स्क्रॅप कमी जाते. त्यासाठी पट्टी एकदा डायखालून न्यायची आणि मग उलटी फिरवून पुन्हा न्यायची. वरचे आणि खालचे टोक यांच्यातला फरक त्यांच्या हातांना माझ्या भूमितीपेक्षा जुना होता.

त्यानंतर ते रोज खेळू लागले: पडद्यावर मांडणी घ्यायची, पत्र्यावर लावायची आणि पत्र्यावरच सोडवायची.

पहिल्या आठवड्यातच त्यांनी सांगितले की कोपरे मेलेले आहेत. मोठ्या त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांतल्या घरांना एकेकच दार आहे. आतला तुकडा बाहेर येण्यासाठी दाराबाहेरचे घर रिकामे हवे. तो बाहेर आला की कोपरा रिकामा होतो, पण आता त्या दारापाशी उभा कोण? तोच. आत शिरला तर तोच शिरणार. म्हणजे विस्कटताना कोपऱ्यात जो पडला तो जन्मभर तिथलाच. "डिझाइनमध्येच रिजेक्ट आहे हे," असा शेरा देऊन त्यांनी स्वतःचा नियम केला. कोपऱ्यांतले तीन जसे पडतील तसे पडू द्यायचे, उरलेल्या बारांना चढत्या क्रमाने लावायचे.

कोपरे वगळले की पटाचे खरे रूप दिसते. बारा घरांची एक साखळी आणि मध्ये एक मोकळी खोली. त्या खोलीला तीन दारे. सगळी हालचाल या खोलीच्या जोरावर. एकाने आत यायचे, साखळीत पडलेल्या फटीतून बाकीच्यांनी पुढे व्हायचे, मग आतल्याने दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे. हे तंत्र अण्णांना महिन्याभरात इतके साधले की बारांपैकी दहा तुकडे ते जवळपास न पाहता लावत. प्रश्न शेवटच्या दोघांचा असे. काही डावांत ते आपोआप जागेवर पडत. काही डावांत दहा जागेवर आणि दोन एकमेकांच्या घरात. मग ते पुन्हा मोडायचे, दुसऱ्या वाटेने जायचे, आणि पुन्हा तेच दोघे, नाहीतर दुसरे कोणी दोघे, अदलाबदल होऊन बसलेले.

कारखान्यातल्या सवयीने ते वहीत नोंद ठेवत. दोन रकाने: 'झाला' आणि 'दोन राहिले'. काही महिन्यांनी ती वही माझ्या हाती पडली तेव्हा दोन्ही रकाने साधारण सारख्याच लांबीचे दिसले. पण वहीत आणखीही काही होते. 'दोन राहिले' च्या रकान्यात काही डावांपुढे पाच-पाच, सात-सात तारखा होत्या. ते त्या डावांकडे परत परत जात होते. त्याच काळात सकाळी ते भोसरीतल्या लहान वर्कशॉपांमध्ये कामासाठी विचारत फिरत. वायरकट यंत्रे आली होती. डायचे जे काम कानशीने आठवडाभर चालायचे ते तार रात्रीतून कापून देत होती. संध्याकाळी घरी आल्यावर कुणी काही विचारत नसे आणि ते डाव मांडून बसत. ज्याला दिवसभर 'बघू, कळवतो' ऐकावे लागले आहे असा माणूस रात्री त्याच दोन तुकड्यांशी सातव्यांदा झगडतो, तेव्हा तो फक्त खेळत नसतो. आपल्या हातात कसर आहे की काय, हे तो तपासत असतो.

म्हणून मी त्यांना सांगायचे ठरवले. चौकोनी कोड्यात ही गोष्ट समजावताना पटाला बुद्धिबळासारखे काळे-पांढरे रंग द्यावे लागतात. त्रिकोणांत तो रंग उघड्यावरच असतो. रिकामे घर दर खेळीला टोक बदलते: आता वर, मग खाली, मग वर. मधल्या खोलीचे टोक वर आहे. तिथून निघून तिथेच परत यायचे तर खेळ्यांची संख्या समच असणार; विषम खेळ्यांनंतर रिकामे घर खाली टोकाचेच असते. आणि दर खेळी म्हणजे एक अदलाबदल, रिकाम्या जागेची आणि एका तुकड्याची. सम अदलाबदलींतून केवळ दोन तुकड्यांची एकच अदलाबदल कधीच निघत नाही, कारण एक ही विषम संख्या आहे. बारा तुकड्यांच्या ४७,९०,०१,६०० मांडण्यांपैकी बरोबर निम्म्या क्रमाला येतात, निम्म्या येत नाहीत. अगदी निम्म्या येतातच, हे रिचर्ड विल्सन यांनी १९७४ साली अशा सर्व पटांसाठी जे प्रमेय मांडले त्यातून मिळते. सीडीवरचा खेळ लिहिणाऱ्याने यातले काहीच ध्यानात घेतलेले दिसत नाही. तीनही कोपरे बरोबर पडण्याची शक्यता २७३० मध्ये एक, आणि त्यातही निम्मे. म्हणजे त्याच्या नियमाने पूर्ण सुटणारा डाव ५४६० विस्कटण्यांमध्ये सरासरी एकदा यायचा.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले. पत्र्याच्या तुकड्यांवर दोनदा मोजून पाहिले.

"म्हणजे हात खोटा नव्हता," ते म्हणाले.

"नाही. डावच तसे होते."

"हे सिद्ध आहे? कुणी नुसतं म्हटलंय असं नाही?"

"सिद्ध आहे, अण्णा. तुम्ही आत्ता स्वतःच मोजलंत."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हालाही सांगितलं होतं, आता बसवता येत नाही म्हणून. पण असं मांडून कुणी दाखवलं नाही गं."

या वाक्याने माझी पंचाईत केली, कारण मी त्यांना दिलासा द्यायला गेले होते आणि त्यांनी दिलासा बाजूला ठेवून पुराव्याचा प्रश्न उचलला होता. 'होत नाही' हे दोन प्रकारे म्हणता येते. एका प्रकारात ऐकणारा स्वतः मोजून तिथे पोहोचतो आणि पोहोचल्यावर मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारात ते त्याला एका बंद पाकिटातून कळते. शब्द तेच असतात. पहिल्यात माणसाची प्रतिष्ठा शाबूत राहते, दुसऱ्यात ती त्याला वर्षानुवर्षे स्वतःच गोळा करावी लागते, कधी कधी वहीत दोन रकाने आखून.

पिंपरी-चिंचवडच्या एका पिढीच्या वाट्याला हा दुसरा प्रकार आला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि नंतरच्या दोन दशकांत मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आणि त्यांच्या मागे वसाहती वाढत गेल्या. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. सातारा, सोलापूर, मराठवाडा, कोकण अशा सगळीकडून आलेली माणसे इथे कायम झाली, त्यांनी घरे बांधली. पुढे उद्योगाचा नवा विस्तार नाशिक रस्त्यावर चाकणकडे गेला. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने तिथे सुरू झाले, आणि ज्या गावाची ओळख संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार अशी होती ते मोटारींचे गाव झाले. घरे निगडी-आकुर्डीला आणि कामे तळवडे-म्हाळुंगेच्या पलीकडे. नकाशावर अंतर फार नाही. पण तिथली नवी कामे वेगळ्या वयाला आणि बहुतेक वेगळ्या कराराने मिळत होती. पटावर जागा दिसत होती; वाट नव्हती.

इथे रूपकाला थोडा लगाम घातला पाहिजे. माणसे म्हणजे तुकडे नव्हेत, हे तर झालेच; पण पट म्हणजे उद्योग हेही खरे नाही. पटाचे नियम कुणाच्या सोयीने बदलत नाहीत म्हणून तिथे अशक्यता सिद्ध होऊ शकते. उद्योगाचे नियम कुणीतरी ठरवलेले असतात आणि बदलताही येतात, म्हणून तिथे 'अशक्य' हा शब्द वापरणाऱ्यावर खुलाशाची जबाबदारी अधिक. द. रा. कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. त्यांनी दाखवून दिले की चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर याल. तिथे सगळे पोहोचतात. आमच्या त्रिकोणात निम्मे पोहोचतात. दोन्ही गोष्टी हिशेबानेच कळतात, आणि कुठला खेळ आपल्या वाट्याला आला आहे हे आधी कळणे हा माणसाचा हक्क असावा असे मला वाटते.

त्या रात्रीनंतर अण्णांनी आणखी एक प्रयोग केला. पंधरातला एक तुकडा काढला. दोन घरे रिकामी झाली की दोन्ही नियम गळून पडतात. कोपऱ्यातला बाहेर पडून पुढे सरकतो आणि त्याच्या जागी दुसरा जाऊ शकतो. निम्म्याचे बंधनही उरत नाही, उरलेल्या चौदांची कोणतीही मांडणी साधते. गणिताच्या दृष्टीने हे सरळ आहे. अण्णांनी तीन-चार डाव भराभर लावले. काढलेला तुकडा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

"एक काढला की चौदांचं जमतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी तिथे काही बोलू शकले नाही. जरा वेळाने त्यांनी खिशातला तुकडा काढून पुन्हा चौकटीत ठेवला. "पण तो डाव वेगळा झाला," असे म्हणून पंधरांचा डाव नव्याने मांडला.

पुढे भोसरीत एका वर्कशॉपमध्ये त्यांना आठवड्यातून तीन दिवस डाय-दुरुस्तीचे काम मिळाले आणि ते त्यांनी साठी उलटेपर्यंत केले. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. संगणक कधीच भंगारात गेला, सीडी कुठे गेली माहीत नाही. पत्र्याचे तुकडे आहेत. डाव मांडला की आधी ते कागदावर मोजतात: एक आपल्या जागी आणायला एक अदलाबदल, दोन आणायला दुसरी, असे करत बेरीज. सम आली तर होणारा, विषम आली तर न होणारा. खाडाखोड धरून पाच मिनिटांचे काम.

न होणारा डाव निघाला तरी ते तो मोडत नाहीत. एकदा मी कारण विचारले. ते म्हणाले की न होणाऱ्या डावातही दहा तर जागेवर येतातच. शिवाय कोणते दोन राहू द्यायचे हे आपल्याला ठरवता येते. हे मी नंतर पडताळून पाहिले आणि ते गणिताने अगदी बरोबर आहे. विषम मांडणीतून बारांपैकी कोणत्याही दोघांची अदलाबदल शिल्लक ठेवून बाकी सगळे लावता येतात. कुठले दोन, याला पटाची काहीच हरकत नसते. अण्णा बहुधा अकरा आणि बारा ठेवतात, खालच्या ओळीतले, म्हणजे वरून पाहणाऱ्याच्या नजरेत लगेच येत नाहीत.